कृत्रिम क्षितिज

माणसाला शिकवल्या जाणाऱ्या बहुतेक विद्या त्याचा स्वतःवरचा विश्वास वाढवीत जातात. पोहायला शिकवणारा सांगतो, ‘पाण्याला भिऊ नकोस, अंग सैल सोड.’ सायकल शिकवणारा मागे धरलेला हात हळूच काढून घेतो आणि आपण पडलो नाही हे शिकणाऱ्याला पाच-पन्नास पावले पुढे गेल्यावर कळते. आंधळ्या उड्डाणाची विद्या मात्र उलट्या टोकाने सुरू होते. विमान ढगात शिरले, खिडकीबाहेर पिंजलेल्या कापसाखेरीज काही दिसेनासे झाले, की आपल्या अंगाला जे जे वाटेल त्यावर विश्वास ठेवू नये, हा तिचा पहिला धडा आणि बहुधा शेवटचाही. समोरच्या तक्त्यावर सहा तबकड्या असतात. त्या सांगतील ते ऐकावे.

ऐकायला हे सोपे वाटते. पण आपला कान मोठा लबाड आहे. त्याच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. डोके वळले की नळी वळते, द्रव मागे रेंगाळतो, आणि त्या रेंगाळण्यावरून मेंदू ओळखतो की आपण वळलो. एकाच गतीने दहा-वीस सेकंद वळत राहिले की तो द्रवही नळीच्या बरोबरीने फिरू लागतो आणि वळल्याची जाणीवच नाहीशी होते. विमान वळतच असते. वैमानिकाला वाटते, किती छान सरळ चालले आहे! मग त्याने ते खरोखरीच सरळ केले, तर सारे अंग ओरडून सांगते की तू उलट बाजूला कलंडतो आहेस. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९५४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचे काही दिसू न देता विमान चालवायला लावले. शेजारी शिक्षक होता, म्हणून कोणी दगावले नाही. पण विसाच्या वीस जणांच्या हातून विमानाचा ताबा सुटला आणि त्याला सरासरी वेळ लागला १७८ सेकंद. आमच्या घरी चहाला उकळी यायला याहून जास्त वेळ लागतो.

मी वैमानिक नाही. विमानात प्रवासी म्हणून बसलो तोही आयुष्यात चार वेळा, आणि चारही वेळा खिडकी दुसऱ्याच्या वाट्याला आली. माझी नोकरी डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्रात, नियंत्रणकक्षात. ज्याची सुमारे पावणेतीनशे मीटर उंचीची चिमणी डहाणूच्या खाडीवरून, चिकूच्या वाड्यांवरून, पार महालक्ष्मीच्या डोंगरापर्यंत कोठूनही दिसते, तेच हे केंद्र. ती चिमणी सगळ्या तालुक्याला दिसते. आम्हा आत बसणाऱ्यांना मात्र ती दिसत नाही. आम्हाला दिसतात काटे, आकडे आणि दिवे. बॉयलर पेटला आहे हे आम्ही आग पाहून सांगत नाही, तबकडी पाहून सांगतो. त्यामुळे पत्नीने एकदा मला विचारले की, ‘अहो, दिवसभर काटे पाहून कंटाळत नाही, की घरी येऊन पुन्हा काटेच पाहता?’ तेव्हा मला चांगलेसे उत्तर सुचले नाही.

घर आमचे तलासरीला. पत्नी तेथल्या शाळेत शिकवते. ओटीवरच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर, त्याला जोडलेली एक जॉयस्टिक, आणि त्यात विमान उडवण्याचा कार्यक्रम, ज्याला सिम्युलेटर म्हणतात. ही खेळण्यातली चैन वाटते, पण तिचे घराणे जुने व भारदस्त आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाचा तरुण होता. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकण्याचा खर्च परवडेना, म्हणून या मुलाने बाजाच्या भात्यांवर एक लाकडी विमान बसवले. भाते फुगले की ते चढे, मिटले की उतरे, आणि जमीन न सोडता शिकणाऱ्याला उडण्याचा सराव होई. ही गोष्ट १९२९ सालची. आपल्याकडे पेटीच्या भात्यावर अभंग निघाले, तिकडे विमान निघाले. पाच वर्षे ते यंत्र जत्रेतल्या पाळण्यासारखे मानले गेले. १९३४ मध्ये अमेरिकन लष्कराने टपाल वाहून नेण्याचे काम अंगावर घेतले आणि खराब हवेत कित्येक वैमानिक गमावले. मग त्या लष्कराने लिंककडून सहा यंत्रे विकत घेतली. पुढे भाते गेले, विजेची यंत्रे आली. ब्रूस आर्टविकने १९७९ मध्ये घरगुती कॉम्प्युटरवर चालणारे विमान लिहिले. मायक्रोसॉफ्टने १९८२ मध्ये ते बाजारात आणले. माझ्या ओटीवर आले ते त्या वंशातले एक शेंडेफळ.

या विद्येचा आमच्या गावाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, तो आकाशातून जातो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाची पिशवी घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला उतरले आणि दुपारी जुहूला पोहोचले. विमान एका इंजिनाचे, छोटेसे, पस मॉथ. नकाशावर अहमदाबाद आणि जुहू यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती डहाणूच्या अगदी लगतून जाते. त्यांच्याजवळ वाट दाखवणारा रेडिओ नव्हता. खालचा किनारा हाच त्यांचा वाटाड्या. किनारा दिसत होता तोवर सारे ठीक. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई तेव्हा टपालविमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. याच्या तीन वर्षे आधी, २४ सप्टेंबर १९२९ रोजी, न्यूयॉर्कजवळ जेम्स डूलिटल याने चारी बाजूंनी झाकलेल्या खुर्चीत बसून, केवळ तबकड्या पाहून विमान वर नेले, फिरवले आणि खाली आणले. पंधरा मिनिटांचा खेळ, पण त्याने उड्डाणाचे दोन भाग पाडले: एक किनारा पाहून उडण्याचा आणि दुसरा न पाहता उडण्याचा.

मला या दुसऱ्या भागाची गोडी लागली, आणि ती सहा तबकड्यांमुळे लागली. वेग सांगणारी एक, उंची सांगणारी एक, चढ-उतार सांगणारी एक, वळण सांगणारी एक, दिशा सांगणारी एक, आणि मधोमध कृत्रिम क्षितिज. अर्धे निळे, अर्धे तपकिरी, मध्ये पांढरी रेघ. बाहेरचे क्षितिज नाहीसे झाले की हे हातभर अंतरावरचे क्षितिज कामाला येते. पण गंमत याच्या पुढेच आहे. जुन्या सेस्ना विमानात या सहा जणी एका घरच्या नाहीत. वेग, उंची आणि चढ-उतार या तिघी हवेच्या दाबावर चालतात. क्षितिज आणि दिशा या दोघींच्या आत भोवरे आहेत आणि ते इंजिनावरच्या पंपाने खेचलेल्या हवेवर फिरतात. वळण सांगणारी विजेवर. तीन घरे, तीन अन्नदाते. एका घरी चूल विझली तरी बाकीच्या दोन घरांत साक्ष मिळते.

आमच्या नियंत्रणकक्षातही हाच न्याय. बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती आहे, हा प्रश्न जिवाचा. फार उतरले तर नळ्या जळतील, फार चढले तर पाणी वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जाईल. म्हणून ती पातळी एका मापकावर सोडत नाहीत. तीन मापके असतात आणि तिघांपैकी दोघे म्हणतील ते ग्राह्य धरतात. हा न्याय ज्याने प्रथम बसवला तो मोठा शहाणा माणूस असला पाहिजे. त्याने यंत्रावर आंधळा विश्वास ठेवला नाही आणि माणसाच्या अंदाजावरही ठेवला नाही. त्याने पंचायत बसवली.

ही पंचायत किती महाग पडू शकते, ते मुंबईच्या समुद्राने एकदा पाहिले आहे. १ जानेवारी १९७८ च्या संध्याकाळी एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान सांताक्रूझहून दुबईला जाण्यासाठी उडाले. किनारा मागे पडला, खाली काळोखा समुद्र, वर काळोखे आकाश. खिडकीतून क्षितिज दिसण्याची सोय उरली नाही. कप्तानासमोरचे कृत्रिम क्षितिज बिघडले आणि विमान उजवीकडे कललेले दाखवू लागले. विमान तेव्हा समतोल होते. कप्तानाने ते सावरण्यासाठी डावीकडे वळवले, वळवीत राहिले, आणि विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. त्या कक्षात आणखी क्षितिजे होती आणि ती खरे सांगत होती. ज्यांनी हजारो तास विमाने चालवली त्यांना घरबसल्या नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण तो अपघात वाचल्यापासून मी मधल्या तबकडीकडे जरा कमी भक्तीने आणि शेजारणींकडे जरा जास्त आदराने पाहू लागलो.

आता परीक्षेकडे येतो. माझी भाची त्या वेळी वैमानिकीचे शिक्षण घेत होती. २०१९ च्या मार्चमध्ये ती चार दिवस आमच्याकडे राहायला आली, माझा खेळ पाहिला आणि म्हणाली, “मामा, नुसते उडू नका. परीक्षा द्या.” तिने खऱ्या परीक्षेत धरतात ती अमेरिकन मापे कागदावर लिहून भिंतीला लावली. उंची शंभर फुटांहून जास्त ढळता कामा नये. दिशा दहा अंशांहून, वेग दहा नॉटहून. रेडिओचा काटा मधल्या रेघेपासून पाऊण भागाच्या आत राहिला पाहिजे. वाट अशी: डहाणूच्या खाडीवर पाच हजार फुटांवर विमान, तेथून दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटर, मुंबईच्या रेडिओ-दीपापर्यंत, त्याच्यावर घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासारखे लांबट फेरे, आणि मग पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड असलेल्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणे. ढगांचा तळ तिने ठेवला तीनशे फुटांवर. म्हणजे अवघा प्रवास कापसातून, आणि जमीन दिसणार ती अगदी शेवटी.

मी सुरू होण्यापूर्वी एकदा ढग काढून खाली पाहिले. कार्यक्रम जुना, त्यात किनारा होता, पण चिमणी नव्हती, वाड्या नव्हत्या, महालक्ष्मीचा सुळका नव्हता. आमच्या गावाचा पत्ताच नव्हता. मी म्हटले, “बरे झाले, ओढ लागायला काही नाही.”

पण हे सगळे चालले होते ते काही निवांत घरात नव्हे. आमच्या भागात २०१८ च्या नोव्हेंबरपासून जमीन हलू लागली होती. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत, धुंदलवाडीच्या आसपास, दिवसाला कधी दोन, कधी दहा धक्के. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा बसला. भिंतींना तडे गेले, पोरेबाळे घेऊन माणसे थंडीत तंबूंत निजू लागली. शास्त्रज्ञांनी येऊन गावोगाव भूकंपमापके बसवली. धक्के उथळ होते, म्हणून लहान असले तरी आवाज करीत. जमिनीतून तोफ डागल्यासारखा गडगडाट होई आणि मग भांडी बोलत.

माझी आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तांडेलाची मुलगी, डहाणूच्या किनाऱ्यावर वाढलेली. होडीत उभी राहून जेवलेली बाई. पण जमीन हलते म्हटल्यावर तिचा धीर सुटला. ती अंगणात ताडपत्रीखाली झोपू लागली. घरात जेवायलाही येईना. त्याहून वाईट हे की, तिला खऱ्या धक्क्यांच्या मधल्या वेळातही धक्के जाणवू लागले. रात्री दोन वाजता हाक येई, “बाबू, हाललं रे!” आम्ही उठून पाहावे तो सगळे शांत. ती खोटे बोलत नव्हती. तिच्या छातीत जे धडधडे ते तिला जमिनीत वाटे. झोप नाही, अन्न नाही. तीन आठवड्यांत ती अर्धी झाली. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण भीतीला औषध नाही.

मला १७८ सेकंदांची माणसे आठवली. कानातला द्रव आणि छातीतली धडधड यांत फरक काय? दोन्ही आपलीच, म्हणून दोन्ही खरी वाटतात. मी एक काशाचा वाडगा काठोकाठ पाण्याने भरून तिच्या उशाशी स्टुलावर ठेवला, शेजारी बॅटरी ठेवली. म्हटले, “आई, हाललं असं वाटलं की आधी पाणी बघ. पाण्यावर लहर असली तर मला हाक मार. नसली तर पडून राहा.”

ती वाडग्याकडे पाहत राहिली. मला वाटले, रागावणार. पण ती म्हणाली, “माझा बाप असंच करायचा. धुकं पडलं की डोळ्यांचं ऐकायचा नाही. शिशाचा गोळा बांधून दोरी सोडायचा, किती वाव पाणी ते मोजायचा. खाली चिखल लागला की रेती, ते बघायचा. खलाशी म्हणायचे, तांडेल, बंदर डावीकडं वाटतंय. तो म्हणायचा, वाटू दे.”

विमानविद्येवरची चार पुस्तके मी वाचली आहेत. ‘वाटू दे’ इतका पुरता धडा त्यांत मला सापडला नाही.

परीक्षेची संध्याकाळ. मी खुर्चीत, मागे भाची, अंगणात आई. मुंबईच्या दीपापर्यंतचा अर्धा तास नीट गेला. फेरे सुरू झाले. एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, पुन्हा वळण. सेकंदाला तीन अंश, काट्यावर काटा. दुसऱ्या फेऱ्यात, वळण चालू असतानाच, जमिनीखाली गडगडले. टेबलावरचा पेला किणकिणला, खुर्ची माझ्यासकट डावीकडे गेल्यासारखी झाली. त्या घटकेपर्यंत मी एका गोष्टीला मुकलो होतो. घरगुती विमानात अंग फसत नाही, कारण खुर्ची हलत नाही. ढगातल्या परीक्षेचा सर्वांत कठीण पेपर घरी कोणी काढतच नाही. तलासरीच्या जमिनीने तो काढला. माझ्या पाठीच्या कण्याने स्पष्ट सांगितले की विमान कलंडले. हात जॉयस्टिकवर आवळला गेला. डोळे मात्र तबकड्यांवर होते. मधले क्षितिज जेथे होते तेथेच. वळणाचा काटा जागेवर. उंची चार हजार. तिन्ही घरांनी एकच सांगितले. हात हलला नाही.

भाचीने कळ दाबून विमान आकाशात थांबवले. आम्ही दोघे बाहेर धावलो. आई ताडपत्रीखाली बसली होती, बॅटरी वाडग्यावर धरून. म्हणाली, “हा खरा होता. मघाशी जेवणाआधीचा माझा होता. तेव्हा तुला बोलावलं नाही.” भाचीने आजीला मिठी मारली. मी नुसता उभा राहिलो. तीन आठवड्यांत प्रथमच आईने स्वतःच्या भीतीला तिच्या नावाने ओळखले होते.

खऱ्या विमानाला थांबवण्याची कळ नसते, हे भाचीने मला परत आत आल्यावर सुनावले आणि त्या सवलतीची भरपाई लगेच वसूल केली. उतरण्याच्या मार्गाला लागलो, दोन काटे समोर उघडले, एक धावपट्टीची रेघ दाखवणारा आणि एक उताराची. आणि मधले क्षितिज हळूहळू उजवीकडे कलू लागले. इतके हळू की लहान मूल झोपेत कुशीवर वळावे. वळणाच्या काट्याला विचारले: विमान समतोल. चुंबकाच्या साध्या होकायंत्राला विचारले: दिशा स्थिर. वेग ठरलेला, नव्वद. भाचीने मागच्या मागे पंप बंद केला होता. खोटे बोलणाऱ्या तबकडीवर वैमानिक काहीतरी झाकण घालतात, कारण ती दिसत राहिली तर डोळा पुन्हा पुन्हा तिच्याकडेच जातो. हाताशी होता तो चिकूच्या पेटीवरचा कागद. तो मी पडद्यावर चिकटवला. मग भोवऱ्यावरचीच दुसरी, दिशेची तबकडी. तिच्यावरही अर्धा कागद. उरलेल्या चौघींवर आणि होकायंत्रावर काम चालवले. नव्वद नॉट वेगाला मिनिटाला साडेचारशे फूट उतरायचे. काटा किंचित वर गेला की श्वास रोखायचा, खाली आला की सोडायचा. आठशे, सहाशे, चारशे. तीनशेला ढग फाटले आणि समोर दिव्यांच्या दोन रांगा उभ्या होत्या, अगदी नाकासमोर.

विमान टेकले. भाचीने चिकूचा कागद पडद्यावरून सोडवला, त्याच्या पाठीवर ‘उत्तीर्ण’ असे लिहिले आणि तारीख घातली. तो कागद मी जपून ठेवला आहे, आणि त्याची किंमत किती हेही मला ठाऊक आहे. त्या बळावर कोणी मला खऱ्या विमानात चालकाच्या खुर्चीवर बसवू नये. थांबवण्याची कळ असलेली परीक्षा ही परीक्षेची तालीम. ती तालीम व्यर्थ नसते, एवढेच.

ज्या परीक्षेत कळ नव्हती ती दिली आईने. खुर्ची हलणारी, रात्रीचा काळोख, वय अठ्ठ्याहत्तर, आणि उपकरण म्हणाल तर एक वाडगा. धक्के पुढेही चालूच राहिले, पुढल्या वर्षीही बसले. आई लगेच घरात आली असे झाले नाही. प्रथम तिचे जेवण ओटीवर आले, मग दुपारची झोप. पाऊस सुरू व्हायच्या आत वाडगा अंगणातून तिच्या खोलीत गेला, आणि त्याच्या मागोमाग तीही गेली. रोज सकाळी तुळशीला पाणी घातले की उरलेल्या पाण्याने ती तो वाडगा भरी.

एका रात्री मलाच जाग आली. पलंग हलल्यासारखे वाटले. अंधारात मी कान देऊन पडलो होतो, तेवढ्यात पलीकडच्या खोलीत बॅटरी लागली आणि विझली. आईचा आवाज आला, “पाणी बघितलंय मी. झोप आता.”